दावा फेटाळला, आता पुढं काय?

समजा, खटाव तालुक्यातल्या एका बाईनं कर्ज काढून पिठाची गिरणी घेतली. महिनाभरात यंत्र बंद पडलं. कंपनी दाद देईना, म्हणून तिनं वडूजच्या दिवाणी न्यायालयात भरपाईचा दावा लावला. बऱ्याच तारखा झाल्या आणि एक दिवस कळलं, दावा फेटाळला. घरचे म्हणतात, "कंपनीपुढं आपलं काय चालणार? सोडून दे."

सोडायचं की लढायचं, हे तिनं ठरवावं. पण ठरवायला दिवस मोजके असतात. मुदत गेली की निकाल कायम होतो, आणि त्याच कारणासाठी पुन्हा नवा दावा सहसा लावता येत नाही.

आधी वकिलांना विचारा, दावा कशामुळं फेटाळला? कंपनीचा वकील हजर होता आणि आपण तारखेला गेलो नाही, म्हणून फेटाळला असेल, तर अपिलाची घाई नको. गैरहजेरीचं खरं कारण सांगून, दावा पुन्हा चालवावा असा अर्ज त्याच न्यायालयात ३० दिवसांत द्यायचा.

पुरावा ऐकून निकाल विरोधात गेला असेल, किंवा वादपत्रच नामंजूर झालं असेल, तर अपील करायचं. तालुक्याच्या कनिष्ठ स्तर न्यायालयाच्या निकालावर जिल्हा न्यायालयात अपील होतं. मुदत ३० दिवसांची. मोठ्या रकमेच्या दाव्यात अपील थेट उच्च न्यायालयात जाऊ शकतं, तिथं मुदत ९० दिवसांची.

निकाल लागला की लगेच निकालपत्र आणि हुकूमनाम्याच्या सही-शिक्क्याच्या नकलेसाठी अर्ज करा. नक्कल तयार व्हायला लागलेले दिवस मुदतीत धरत नाहीत. नकलेला १० दिवस लागले, तर ३० दिवसांवर तेवढे १० दिवस जास्त मिळतात. त्याहून उशीर झालाच, तर विलंब माफीचा अर्ज करता येतो. पण त्याला सबळ कारण लागतं.

अपिलात नवा पुरावा सहसा घेत नाहीत. म्हणून निकालपत्र कुणाकडून तरी नीट वाचून घ्या. आपली पावती, साक्ष न्यायालयानं पाहिली का? कायदा चुकीचा लावला का? चूक दाखवता येत असेल, तरच अपिलाला बळ येतं. हरलो तर कंपनीचा खर्चही अंगावर पडू शकतो, हेही लक्षात ठेवा.

पहिल्या अपिलात पुराव्याचा पुन्हा विचार होतो. दुसरं अपील उच्च न्यायालयात, तेही कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असेल तरच. सातारा-सांगलीच्या लोकांना त्यासाठी आता मुंबई गाठावी लागत नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं आहे.

वकिलाला पैसे नाहीत? १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानं बाईला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती असते, सातारा आणि सांगलीला जिल्हा प्राधिकरण आहे. फोन नंबर १५१००. गटाच्या पुढच्या बैठकीत हा नंबर सगळ्यांनी वहीत लिहून घ्या.