नितळ म्हणजे निर्धोक नव्हे

“डॉक्टर, खाणीतून उपसलेलं पाणी काचेसारखं नितळ आहे, मग प्यायला काय हरकत?” चंद्रपूर-वणी भागातील खाणींजवळच्या गावांत हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. माझे उत्तर एकच : पाण्यात विरघळलेले धातू डोळ्यांना दिसत नाहीत.

खाणीच्या पाण्याचा विषारीपणा तपासण्यासाठी प्रयोगशाळेत डॅफ्निया हा तिळाएवढा जलजीव वापरतात. पाण्याचे नमुने कमी-अधिक पातळ करून त्यांत त्याची २४ तासांच्या आतली पिल्ले सोडतात. ४८ तासांनी भांडे हलकेच हलवून किती पिल्ले पोहत नाहीत, ते मोजतात. ज्या प्रमाणाला निम्मी पिल्ले निपचित पडतात, ते विषारीपणाचे माप. रासायनिक तपासणी एकेका धातूचा आकडा देते. हा जीव सगळ्यांचा मिळून होणारा परिणाम दाखवतो.

मात्र पिल्ले जगली म्हणून ते पाणी पिऊ नका. लिटरमागे १.५ मिलिग्रॅमहून अधिक फ्लोराइड वर्षानुवर्षे पोटात गेल्यास दात आणि हाडे बिघडू शकतात. डॅफ्नियाला दोन दिवसांत त्याचा पत्ताही लागत नाही. पाणी उकळल्याने जंतू मरतात, पण धातू वा फ्लोराइड जात नाही. म्हणून पिण्याच्या पाण्याची रासायनिक व जंतूंची तपासणी वेगळी करून घ्यावी.