घोड्याचे दंताळे आणि आपली वळई

वैरण पिकवणे हे एक काम आहे आणि पिकलेली वैरण दावणीपर्यंत नीट आणणे हे दुसरे. पहिल्या कामाविषयी आपण पुष्कळ ऐकतो. बियाणे कोणते, खत किती, पाणी केव्हा, हे सगळे सांगितले जाते. दुसऱ्या कामाविषयी मात्र कोणी फारसे बोलत नाही. आणि आपल्या धाराशिव जिल्ह्यात, म्हणजे २०२३ पर्यंत ज्याला सरकारदप्तरी उस्मानाबाद म्हणत त्या जिल्ह्यात, जनावर जगते की बाजारात जाते हे कित्येकदा या दुसऱ्या कामावरच ठरते.

थोडा हिशेब मांडून पाहू. एका बैलाला दिवसाला ८ किलो वाळली वैरण धरा. सहा महिन्यांचे झाले साडेचौदा क्विंटलच्या आसपास. जोडीचे झाले एकोणतीस क्विंटल. आता यातला पाचवा हिस्सा शेतात गळाला, वाटेत सांडला आणि गंजीत कुजला असे समजा. म्हणजे पावणेसहा क्विंटल वैरण गेली. रोज १६ किलो खाणाऱ्या जोडीची ती छत्तीस दिवसांची पोटगी आहे. हे छत्तीस दिवस एप्रिल-मेमध्ये येतात, हे तुम्हाला सांगायला नको. १९७२चा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांना आणि २०१९च्या उन्हाळ्यात ज्यांनी चारा छावणीत जनावरे बांधली त्यांनाही या छत्तीस दिवसांची किंमत ठाऊक आहे.

ज्या देशांत हिवाळ्याचे कित्येक महिने गवत वाढत नाही, तिथल्या शेतकऱ्याला ही किंमत फार आधी कळली होती. आपल्या उन्हाळ्यासारखाच त्याचा हिवाळा. उन्हाळ्यात गवत कापायचे, वाळवायचे, गोळा करायचे आणि हिवाळाभर पुरवायचे. पाऊस मध्येच आला तर सगळे काळे पडायचे. म्हणून एकोणिसाव्या शतकात इंग्लंड-अमेरिकेकडे गवत गोळा करण्याची आणि ते गाडीत चढवण्याची यंत्रे निघाली. ती ओढायला घोडे होते. ही यंत्रे कशी चालत ते आधी समजून घेऊ आणि मग त्यांतले आपल्या कामाचे काय, ते पाहू.

सर्वांत साधे यंत्र म्हणजे घोड्याचे दंताळे. आपल्या खळ्यावरचे हातदंताळे तुम्ही पाहिलेच आहे. तेच आठ-दहा फूट रुंद झाले, त्याला लाकडी दांत्यांऐवजी पोलादाचे वाकडे, कमानीसारखे दात बसले आणि दोन्ही बाजूंस दोन मोठी चाके आली, असे डोळ्यांसमोर आणा. मधोमध हाकणाऱ्याची बैठक. घोडा चालू लागला की दात जमिनीलगत घसरत जातात आणि गवत पोटात साठत जाते. पोट भरले की हाकणारा पायाने दांडा दाबतो, सगळे दात एकदम वर उचलले जातात, ढीग खाली राहतो आणि दात पुन्हा खाली येतात. घोडा थांबत नाही. प्रत्येक फेरीत त्याच ओळीवर ढीग सोडला की शेतभर गवताच्या सरळ ओळी तयार होतात. एक माणूस आणि एक घोडा मिळून कित्येक हातदंताळ्यांचे काम करीत.

या दंतांमध्ये एक खोट होती. गवत ओढले जाताना त्याला माती लागे आणि पाने झडत. म्हणून पुढे दुसऱ्या तऱ्हेचे दंताळे निघाले. त्यात दात्यांचा एक पिंजरा तिरपा बसवलेला असे. चाक फिरले की पिंजरा फिरे आणि गवत हलकेच लोळवत एका बाजूस सारी. त्यामुळे लांबच लांब, पोकळ अशी गवताची वळकटी होई. पाने आतल्या बाजूस राहत आणि वाराही खेळे.

आता ही वळकटी गाडीत कशी चढवायची? काट्याने उचलून वर फेकणे हे कंबर मोडणारे काम. त्यासाठी गवत चढवणारे यंत्र आले. ते गाडीच्या मागे अडकवीत. गाडी वळकटीच्या वरून चाले. यंत्राचे दाते वळकटी उचलत आणि तिरप्या फळीवरून सरकत्या पट्ट्या ते गवत आठ-दहा फूट वर नेऊन गाडीत टाकत. या यंत्राला वेगळे इंजीन नव्हते. जमिनीवर फिरणाऱ्या त्याच्या चाकांतूनच त्याला जोर मिळे. खाली कोणी लागत नसे. मात्र गाडीवर उभ्या असलेल्या एक-दोन माणसांना क्षणाची उसंत नसे. वरून गवताचा पूर चालू असे आणि त्यांनी ते नीट रचत जायचे.

तिसरी तऱ्हा गाडीच वगळणारी होती. दहा-बारा फूट रुंदीची एक चौकट, तिला पुढे लांब लाकडी दात, आणि दोन टोकांना दोन घोडे. चौकट जमिनीवरून पुढे सारली की दोन-तीन क्विंटल गवत दातांवर आपोआप चढे आणि थेट गंजीपाशी येई. तिथे घोड्याने दोर ओढला की दुसरे यंत्र ते ओझे उचलून गंजीवर टाकी. अमेरिकेच्या मोंटाना प्रांतात तर गंजीसाठी लाकडी घसरगुंडीच उभी करीत. तिच्यावरून गवत वर ओढून पलीकडे सोडायचे. तिचे पेटंट १९१०चे आहे. पंचवीस-तीस फूट उंचीच्या गंजी तिने घातल्या जात.

मग प्रश्न येतो, ही यंत्रे आपल्याकडे का रुजली नाहीत? आपला शेतकरी मागासलेला म्हणून? मुळीच नाही. तीन कारणे आहेत आणि तिन्ही शहाणपणाची आहेत.

पहिले कारण जनावराचे. आपल्याकडे शेत बैलाचे आणि घोडा स्वाराचा. परंडा आणि नळदुर्ग हे आपल्या जिल्ह्यातले किल्ले. तिथल्या घोड्यांना चंदी-वैरण लागे, ती गावांतून आणि कुरणांतून येई. म्हणजे तिकडे घोडा गवत गोळा करीत होता आणि इकडे गवत घोड्यासाठी गोळा होत होते. बैल ताकदीला कमी नाही, पण त्याची चाल संथ. साध्या दंताळ्याला ती चालते. पण ज्या यंत्राचा सगळा जोर चाकाच्या फिरण्यावर अवलंबून, ते संथ चालीने नीट काम देत नाही.

दुसरे कारण जमिनीचे. रब्बी ज्वारी निघते ती फेब्रुवारी-मार्चमध्ये. त्या वेळी काळ्या रानाला भेगा पडलेल्या असतात आणि जिथे ज्वारी कापली तिथे धसकटे उभी असतात. पोलादी दात भेगेत अडकला की वाकलाच म्हणून समजा. बालाघाटाच्या उतारावर तर दातांखाली गवतापेक्षा दगडच जास्त यायचे.

तिसरे कारण सर्वांत मोठे आहे, ते पिकाचे. ती यंत्रे सुट्या, मऊ, गुडघाभर गवतासाठी होती. आपली मुख्य वैरण कडबा. मालदांडीचे ताट माणसाच्या डोक्यावर जाते. आपण ज्वारी काढतो, पाथीने आडवी पसरतो, वाळली की कणसे मोडतो आणि ताटांची पेंढी बांधतो. पेंढी हेच आपले यंत्र आहे! एकदा आळा घट्ट बसला की ती पेंढी उचलता येते, फेकता येते, मोजता येते, शेकड्याने विकता येते. सुट्या गवताला जे काम तीन यंत्रे करीत, ते आपल्या आया-बहिणी दोन हातांनी बांधावरच उरकतात.

असे असूनही त्या जुन्या यंत्रांकडून शिकण्यासारखे काही आहे. यंत्र नव्हे, तर यंत्रामागचा नियम घ्यायचा. त्या सगळ्या यंत्रांचे सार काढले तर तीनच गोष्टी उरतात : वैरण वेळेवर उचला, कमीत कमी वेळा हाताळा, आणि पाने सांभाळा.

वेळेचे पाहू. आपल्याकडे कडबा रानात असतानाच अवकाळी पाऊस येतो. २०१४च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात गारपीट झाली तेव्हा उभे पीक तर गेलेच, पण काढून पसरलेला कडबाही काळा पडला. काळा पडलेला कडबा जनावर हुंगते आणि सोडून देते. म्हणून कणसे मोडली की पेंढ्या बांधायला आठवडा लावू नका. मजूर मिळत नाहीत हे खरे. पण चार घरांनी सावड केली, आज तुझे रान, उद्या माझे, तर चार दिवसांत चार रानांचा कडबा निघतो. घोड्याच्या यंत्राने जे साधले ते सावडीनेही साधते. दोन्हींचा हेतू एकच, की आभाळ भरून येण्याआधी माल हलला पाहिजे.

आता हाताळणीचे. पेंढी शेतात उचलली, बांधावर टाकली, तिथून गाडीत चढवली, वाड्यापाशी उतरवली, मग पुन्हा वळईला लावली. पाच वेळा हात लागला. दर वेळी वाळली पाने झडतात, आणि ताटापेक्षा पानातच पोषण अधिक असते. तेव्हा गाडी किंवा ट्रॉली पाथीपर्यंत आत न्या, बांधावरचा ढीग वगळा. वळईची जागा आधीच ठरवून, दगड-लाकडाचा ओटा करून ठेवा आणि गाडी थेट तिला भिडवा. वळई उंच गेली की दोन लांब वासे तिरपे टेकवा, दोर लावा आणि पेंढ्यांचा भारा त्यावरून वर ओढा. मोंटानाची घसरगुंडी ती हीच. आपल्या अंगणात दोन वाशांत होते. भारा सकाळच्या प्रहरी हलवा. दुपारच्या उन्हात पान कुरकुरीत होऊन झडते; पहाटेच्या गारव्यात ते मऊ असते.

एका ठिकाणी मात्र घोड्याच्या दंताळ्याचा धाकटा भाऊ आपल्याला खरोखर उपयोगी पडेल. ती जागा म्हणजे गवती रान. बालाघाटाच्या पठारावर आणि मोठ्या बांधांवर मारवेल, पवन्या, शेडा, कुसळी अशी गवते येतात. आपण ती उभी वाळू देतो. कुसळी एकदा कुसळावर आली की जनावराच्या तोंडाला टोचते, आणि बी गळाल्यावर गवतात राहतो तो नुसता काडीचा सांगाडा. तेच गवत फुलोऱ्याच्या सुमारास, सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरात, उघडीप पाहून कापले तर चांगली वाळली वैरण होते. दोन-तीन दिवस उन्हात वाळवा, मध्ये एकदा उलथा. मूठभर गवत घेऊन पिळून बघा. ओल न जाणवता काडी मोडली तर ते गंजीला तयार. ओले रचले तर आतून तापते, बुरसते आणि कधी कधी पेटही घेते.

हे सुटे गवत गोळा करायला गावच्या सुताराकडून एक लाकडी दंताळे करून घ्या. सहा-सात फुटांचे आडवे लाकूड, त्याला वीत-वीत अंतरावर दोन-अडीच फूट लांबीचे बाभळीचे किंवा बांबूचे दाते, मागे धरायला दोन रुमणी आणि दोन टोकांपासून जुवापर्यंत दोन दोर. बैल चालू लागले की गवत दात्यांवर साठते. रुमणे उचलले की पुढे कलंडून सुटते. पोलादी दंताळे निघण्यापूर्वी अमेरिकेतही असेच लाकडी दंताळे घोड्यामागे चालत असे. सपाट, दगड वेचलेल्या तुकड्यावरच ते चालवा. छोट्या ट्रॅक्टरमागेही ते बांधता येईल, पण चाल बैलाचीच ठेवा.

सोयाबीनने आपल्या जिल्ह्यातले बरेच रान घेतले, ज्वारी मागे सरली. सोयाबीनची गुळी कडब्याची बरोबरी करीत नाही. तरी ती मळणीयंत्राखालीच भिजू देण्यापेक्षा ताडपत्रीखाली झाकली तर कुट्टीत मिसळायला कामी येते. गहू-सोयाबीनचे काड दाबून गठ्ठे बांधणारी ट्रॅक्टरची यंत्रेही आता आली आहेत. गठ्ठा म्हणजे तरी काय? यंत्राने बांधलेली पेंढीच ती. घोड्यांची यंत्रे मागे पडली आणि जग शेवटी आपल्या पेंढीपाशीच आले, असे म्हणायला हरकत नाही.

वळई रचून झाली म्हणजे काम संपले असे नाही. माथा छपरासारखा उतरता करा, वरून सरमाड किंवा ताडपत्री घाला, अरुंद बाजू वाऱ्याकडे ठेवा. खाली वाळवी लागू देऊ नका. आणि विस्तवाला जपा. चिपळूणच्या छावणीतील आपल्या अधिकाऱ्यांना शिवाजी महाराजांनी लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. दाणावैरण आजच मनमानी उधळाल तर पावसाळ्यात मिळणार नाही आणि घोडी उपाशी मरतील, असे त्यात बजावले आहे. आणि रात्री दिवा तसाच राहिला तर उंदीर पेटती वात पळवील आणि गवत जळून जाईल, हेही सांगितले आहे. राज्य चालवणाऱ्याला उंदराच्या तोंडातली वात आठवली, ती वैरणीचे मोल त्याला ठाऊक होते म्हणून. तेव्हा वळई घरापासून आणि चुलीपासून लांब ठेवा, विजेच्या तारेखाली तर मुळीच नको.

शेवटी दावणीपाशी या. सबंध ताट टाकले तर जनावर पाने आणि शेंडा खाते, बुडखा पायाखाली तुडवते. कुट्टी करून गव्हाणीत घातली तर वाया जाणे पुष्कळ कमी होते. कुट्टीयंत्र एकट्याला परवडत नसेल तर सावडीतल्या चौघांनी मिळून घ्यावे.

यंदा कडबा रानातून हलवताना एवढेच करा : एक पेंढी दावणीला जाईपर्यंत तिला किती वेळा हात लागतो ते मोजा. पाच वेळा लागत असेल तर तीनवर आणा. वाचलेली वैरण मे महिन्यात तुमच्याच वळईत दिसेल.