परत येणाऱ्याची खोली

लालबागची आमची एक विद्यार्थिनी गेल्या वर्षी एक सत्र परराज्यातल्या विद्यापीठात शिकून आली. जाताना हारतुरे झाले, फोटो निघाले. परतल्यावर मात्र तिकडचे श्रेयांक इकडच्या कोणत्या रकान्यात भरायचे, हे कोणालाच सांगता येईना! तिचे वडील मला म्हणाले, "सर, पाठवायची घाई सगळ्यांनाच होती. पोर परत येणार आहे, हे कुणाच्या ध्यानातच नव्हतं का?"

मला उत्तर सुचले नाही. आठवण झाली ती शेजारच्या परळमधल्या एका प्रवाशाची. बी.आय.टी. चाळीत राहणारे बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले, ते सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर. महाराजांची योजना दूरदृष्टीची होती. शिक्षणाचा खर्च बडोदे संस्थानाने करावा आणि परतल्यावर दहा वर्षे त्यांनी संस्थानाची नोकरी करावी, असा रीतसर करार झाला होता. माणूस कशासाठी पाठवायचा, हे आधीच ठरले होते.

पण १९१७ साली ते बडोद्यास रुजू झाले, तेव्हा 'अस्पृश्य' म्हणून या विद्वानाला डोके टेकायला खोली मिळेना. पारशी वसतिगृहातूनही त्यांना बाहेर काढण्यात आले. दहा वर्षांचा करार थोड्याच दिवसांत आटोपला! त्यांची विद्वत्ता लाभली ती मुंबईला. १९१८ साली ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. पुढे १९४६ साली त्यांच्याच संस्थेचे सिद्धार्थ कॉलेज उभे राहिले.

आता २०२० च्या शैक्षणिक धोरणाने वाट मोकळी केली आहे. २०२१ पासून श्रेयांकांची 'बँक'ही आहे. पण बँकेत खाते असले म्हणून हिशेब आपोआप जुळत नाही. कोणत्या विषयाच्या बदली कोणता विषय, विद्यार्थी राहणार कोठे, प्राध्यापक गेल्यास त्याचे तास कोण घेणार आणि परतून तो नवे काय शिकवणार, हे सारे जाण्यापूर्वीच लिहून ठेवायला हवे.

त्या मुलीचे श्रेयांक चार महिन्यांनी एकदाचे जमा झाले. यंदा आणखी एक विद्यार्थी निघाला आहे. हार अजून आणलेला नाही. विषयांची यादी मात्र दोन्हीकडच्या सह्यांनिशी माझ्या कपाटात आहे.