रिकामी टाकी

वसईची खाडी आणि अरबी समुद्र यांच्या कुशीत मीरा-भाईंदर हे नगर वसले आहे. पूर्वी येथील मिठागरेच प्रथम नजरेत भरत. पुढे त्यांच्या शेजारी लहानमोठे कारखाने उभे राहिले. कारखाना म्हटला की पाणी, तेल किंवा रसायने साठविण्याची टाकी आलीच. ही टाकी बसविणे दिसते तितके सोपे नाही.

प्रथम पायाचा विचार करू. एक घनमीटर पाण्याचे वजन १,००० किलोग्रॅम भरते. चार मीटर व्यासाची व पाच मीटर उंचीची टाकी काठोकाठ भरली, तर आतल्या पाण्याचाच भार सुमारे ६३,००० किलोग्रॅम होतो. खाडीकाठची जमीन मऊ व चिखलवट असते. तेथे पाया कच्चा राहिला, तर टाकी एका अंगाने खचते आणि तिला जोडलेले नळ तुटतात. तसेच, क्रेनने टाकी उचलताना तारेचे दोर आधी तपासावे लागतात आणि टांगलेल्या ओझ्याखाली कोणीही उभे राहून चालत नाही.

हे धोके डोळ्यांना दिसतात, म्हणून त्यांच्याविषयी माणूस सावध असतो. न दिसणारा धोका याहून भयंकर आहे. आतील सांधे जोडण्यासाठी, रंग देण्यासाठी किंवा गाळ काढण्यासाठी कामगार टाकीत उतरतो, तेव्हा त्यास वाटते, 'टाकी तर रिकामी आहे, भय कसले?' परंतु रिकाम्या टाकीतही हवा असते आणि ती श्वसनास योग्य असेलच असे नाही. आपल्या भोवतालच्या हवेत प्राणवायू शेकडा सुमारे २१ भाग असतो. पोलादाची ओलसर टाकी पुष्कळ दिवस बंद राहिली की ती आतून गंजू लागते आणि गंजणारे लोखंड हवेतील प्राणवायू शोषून घेते. म्हणजे जिच्यात विष कधी भरलेच नाही, अशी टाकीही प्राणघातक ठरू शकते. कुजलेल्या गाळातून हायड्रोजन सल्फाइड वायू निघतो. त्यास सडक्या अंड्यांसारखी दुर्गंधी असते खरी. पण त्याचे प्रमाण वाढले की नाकच बधिर होते आणि दुर्गंधी नाहीशी झाल्याचा भास होतो.

९ मार्च २०२५ रोजी मुंबईतील नागपाडा येथे एका नव्या इमारतीची पाण्याची टाकी साफ करताना चार मजूर गुदमरून मरण पावले. त्याच्या आदल्या वर्षी, एप्रिल महिन्यात, खाडीपलीकडील विरार येथे सांडपाण्याच्या टाकीत चौघांचा असाच अंत झाला होता. अशा दुर्घटनांत पुष्कळदा असे घडते की, एक जण आत कोसळतो, त्यास वाचवावयास दुसरा धावतो आणि दुसऱ्याच्या मागोमाग तिसरा. त्यांची माया खरी असते. परंतु पहिल्याचा घात करणारी हवा पुढच्यांनाही सोडीत नाही.

पूर्वी विहिरीत उतरण्याआधी लोक जळता कंदील दोरीने खाली सोडीत. तो विझला तर कोणी उतरत नसे. ही चाल शहाणपणाची होती. परंतु टाकीत ज्वालाग्राही वाफ असल्यास तोच कंदील स्फोट घडवील. म्हणून आता वायुमापक यंत्राने हवेची परीक्षा करतात व पंख्याने ताजी हवा आत सोडतात. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने असा दंडक घातला होता की, जागा निर्धोक असल्याचे जाणकाराने लेखी द्यावे. अन्यथा उतरणाऱ्याने श्वसनयंत्र लावावे, कमरेच्या पट्ट्यास दोर बांधावा आणि त्या दोराचे दुसरे टोक बाहेरच्या माणसाने धरावे.

बाहेर दोर धरून उभा राहणारा माणूस काही काम करीत नाही, असे पाहणाऱ्यास वाटेल. वस्तुतः सर्वांत जबाबदारीचे काम त्याचेच असते. संकटसमयी आत उडी न घेता त्याने दोर ओढावा आणि मदतीस हाक द्यावी. धैर्याला ज्ञानाची जोड मिळाली, तरच सोबत्याचे प्राण वाचतात.