ब्रेक काय म्हणतोय, ऐकलं का?

घरात नवी एसयूव्ही आली की जुनी अल्टो, सँट्रो नाहीतर वॅगनआर आपसूक कॉलेजला जाणाऱ्या लेकाच्या किंवा लेकीच्या वाट्याला येते. गाडी दहा-बारा वर्षांची, सीट कव्हर उसवलेलं, एसी त्याच्या मूडप्रमाणे चालणारा. पण 'आपली' गाडी! मग पाऊस सुरू झाला की ग्रुपवर ताम्हिणी, माळशेज, आंबोलीचे प्लॅन पडायला लागतात. गाडीत पाच जण कोंबून बसतात आणि पहिल्याच सिग्नलला ब्रेक दाबला की पुढून आवाज येतो, 'चुंईईई...'. मागच्या सीटवरून कोणीतरी म्हणतं, "अरे, जुनी गाडी आहे, एवढं चालतंच!" आणि गाणी मोठ्याने लागतात.

गडबड इथेच होते. ब्रेकचा आवाज म्हणजे म्हाताऱ्या गाडीची उगाचची कुरकुर नव्हे. त्यातले काही आवाज बिनधास्त सोडून द्यावेत असे असतात, काही 'या आठवड्यात गॅरेज गाठ' असं सांगतात, तर एखादा 'आत्ता गाडी बाजूला घे' म्हणतो. हा फरक ओळखायला मेकॅनिकलची डिग्री लागत नाही. कान उघडे हवेत आणि थोडी माहिती हवी.

आवाज मुळात येतोच का?

आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांत पुढे डिस्क ब्रेक आणि मागे ड्रम ब्रेक असतात. पुढे चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी डिस्कला दोन्ही बाजूंनी पॅड चिमटीत पकडतात. मागे ड्रमच्या आत दोन ब्रेक शू असतात, ते बाहेरच्या बाजूला फाकून ड्रमला आतून घासतात. म्हणजे ब्रेक लावणं हे मुळात घासणंच आहे. गाडीची गतिज ऊर्जा घर्षणातून उष्णतेत बदलायची, एवढाच खेळ. आणि अकरावीच्या फिजिक्समधलं सूत्र आठवत असेल तर वेग दुप्पट झाला की ही ऊर्जा चौपट होते!

घासताना पॅड डिस्कला क्षणभर चिकटतं, सुटतं, पुन्हा चिकटतं. सेकंदाला हजारो वेळा हे झालं की डिस्क थरथरते आणि शिट्टीसारखा आवाज येतो. व्हायोलिनच्या तारेवर बो फिरतो तेव्हा होतं तेच हे, फक्त सूर बेसूर. डिस्क ब्रेकची ही खोड जन्मापासूनची आहे. फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्लिश इंजिनीअरने १९०२ मध्ये डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं, तेव्हा त्यात धातूवर धातू घासायचा आणि कानठळ्या बसायच्या. पुढे घर्षणासाठी वेगळ्या मटेरियलचं अस्तर आलं आणि ब्रेक शांत झाले. तुमच्या गाडीतलं ते अस्तर संपलं की तुम्ही पुन्हा लँचेस्टरच्या काळात जाता!

आवाजाची बाराखडी

सकाळी खर्र, मग गप्प: रात्रभर पाऊस पडला किंवा गाडी धुतली की डिस्कवर गंजाचा पातळ थर येतो. पहिल्या चार-पाच ब्रेकमध्ये तो घासून निघतो आणि आवाज बंद होतो. टेन्शन घेऊ नका.

बारीक, तीक्ष्ण चुंई: अनेक पॅडवर लोखंडाची छोटी पट्टी असते. पॅड झिजून दोन-तीन मिलिमीटरवर आलं की ही पट्टी डिस्कला लागते आणि मुद्दामच किंचाळते. तो कंपनीने बसवलेला अलार्म आहे. धूळ किंवा चकाकून गुळगुळीत झालेलं पॅड यांमुळेही असाच आवाज येऊ शकतो, त्यामुळे चाक उघडून बघितल्याशिवाय निदान पक्कं होत नाही. पण आवाज रोज येत असेल तर या आठवड्यात गॅरेज.

जाड खरखर, लोखंडावर लोखंड: पॅड पूर्ण संपलंय आणि त्यामागची लोखंडी पट्टी थेट डिस्क खातेय, अशी दाट शक्यता. ब्रेक लागायला जास्त अंतर लागतं आणि डिस्कवर चरे पडतात. ही गाडी चालवायची नाही. मेकॅनिकला बोलवा किंवा टोचन करून न्या.

ब्रेक दाबताना एकदाच 'टक्': पॅडची क्लिप सैल असेल, कॅलिपरचा बोल्ट ढिला असेल किंवा सस्पेन्शनचे बुश गेले असतील. खड्ड्यांतून जातानाही हा आवाज येत असेल तर सस्पेन्शनवर संशय जास्त.

ब्रेकसोबत स्टिअरिंग आणि पेडल थरथरतं: मेकॅनिक म्हणेल, "डिस्क वाकली." बऱ्याचदा डिस्कची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नसते.

करकचून ब्रेक मारल्यावर गुर्रर्र आणि पायाला धक्के: गाडीत एबीएस असेल तर हे नॉर्मल आहे. चाक लॉक होऊ नये म्हणून सिस्टीम काम करतेय. घाबरून पाय काढू नका, दाबून ठेवा.

पेडल दाबताना 'फुस्स' आणि पेडल दगडासारखं कडक: ब्रेक बूस्टरमध्ये किंवा त्याच्या पाइपमध्ये हवा गळतेय. ताबडतोब दाखवा.

मेकॅनिककडे जाण्याआधी

"गाडी आवाज करते" एवढंच सांगणं म्हणजे डॉक्टरला "मला बरं वाटत नाही" सांगण्यासारखं. चार प्रश्नांची उत्तरं तयार ठेवा. आवाज ब्रेक दाबल्यावरच येतो की न दाबताही? वेगात येतो की गाडी थांबता थांबता? थंड असताना की बराच वेळ चालवल्यावर? पुढून की मागून?

शेवटच्या प्रश्नासाठी सोपी युक्ती आहे. काच खाली करून कंपाउंडच्या भिंतीला समांतर, सावकाश गाडी चालवा. भिंतीवर आदळून आवाज स्पष्ट ऐकू येतो. मित्राला बाहेर उभं करून मोबाइलवर रेकॉर्डही करता येईल. आणखी एक टेस्ट: रिकाम्या, सपाट जागेत ताशी दहा किलोमीटरच्या आसपास बटण दाबून धरून हँडब्रेक हळूच ओढा. अशा गाड्यांत हँडब्रेक सहसा मागच्या चाकांवरच असतो. आवाज आला तर दोष मागच्या ड्रममध्ये.

ब्रेक न दाबताही किर्र आवाज येतोय आणि ब्रेक दाबला की बदलतोय? डिस्क आणि तिच्यामागच्या पत्र्यात खडा अडकलेला असू शकतो. कच्च्या रस्त्यावरून आल्यावर हे हमखास होतं.

आता बॉनेट उघडा. ब्रेक ऑइलच्या छोट्या डब्यावर मिन आणि मॅक्सच्या रेषा असतात. पॅड झिजत जातात तशी ऑइलची पातळी थोडी खाली येते. ती मिनजवळ गेली असेल तर नुसतं ऑइल ओतून मोकळं होऊ नका. पॅड तरी संपलंय किंवा कुठेतरी गळती तरी आहे.

गॅरेजमध्ये काय विचारायचं?

बऱ्याच ठिकाणी पॅड काढून त्यावर सँडपेपर मारतात, साफ करून परत बसवतात. आवाज जातो, आपण खूश! पॅडवर नुसती चकाकी आली असेल तर हा उपाय ठीक आहे. पण पॅडच संपत आलं असेल तर आपण फक्त अलार्म बंद केला. म्हणून एकच प्रश्न विचारा, "दादा, पॅड किती उरलंय, दाखवता का?" नवीन पॅडचं अस्तर साधारण दहा मिलिमीटर असतं. तीनच्या खाली गेलं असेल तर बदलायचं, आणि एका बाजूचं नाही, दोन्ही पुढच्या चाकांचं. मागचे लायनरही त्याच वेळी बघून घ्या. पॅड वेळेत बदललं तर खर्च पॅडवर भागतो, उशीर केला तर डिस्कही बिलात येते. कॉलेजच्या पॉकेटमनीत हा फरक बराच मोठा असतो.

ब्रेक ऑइल कधी बदललं होतं, तेही घरी विचारा. हे ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट ४ प्रकारचं नवं ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण पाणी शोषलेल्या ऑइलसाठी ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकते. म्हणून साधारण दोन वर्षांनी ते बदलायला सांगतात.

घाटात या सगळ्याचा हिशोब होतो

शहरात निम्मं झिजलेलं पॅड निभावून नेतं. घाटात नाही. पाच जणांचं वजन, सलग उतार आणि सतत दाबलेला ब्रेक यांमुळे डिस्क प्रचंड तापते. जुनं ऑइल उकळलं की पाइपमध्ये वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल थेट खाली जातं. म्हणून ज्या गिअरमध्ये घाट चढाल, साधारण त्याच गिअरमध्ये उतरा, वेग इंजिनाला रोखू द्या. पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करणं किंवा इंजिन बंद करणं तर अजिबात नको, कारण इंजिन बंद झालं की बूस्टरची मदत थोड्याच दाबांत संपते. जळका वास आला किंवा पेडल मऊ लागलं तर सुरक्षित जागा बघून थांबा आणि ब्रेक थंड होऊ द्या. गरम डिस्कवर पाणी ओतू नका.

ड्रायव्हिंग सीटवर बसणाऱ्याच्या उजव्या पायाखाली बाकी चौघांचा जीव असतो. त्यामुळे शनिवारी रात्री खरखर ऐकू आली तर ग्रुपवर सरळ टाका, 'उद्याचा प्लॅन कॅन्सल, ब्रेकचं काम आहे.' दोन-चार जण चिडवतील, एखादा 'फट्टू' म्हणेल. म्हणू द्या. नाहीतर एसटी पकडून जा. ताम्हिणी पुढच्या रविवारीही तिथेच असणार आहे.