पैसे घ्यायला पिन लागत नाही

“गिऱ्हाईक स्वतः वस्तू न्यायला येतंय, मग फसवणूक होईलच कशी?” पिंपरी-चिंचवड परिसरातल्या मोशी, चिखली, रावेत, म्हाळुंगे या पट्ट्यात जुनी वस्तू ऑनलाइन विकायला काढणाऱ्यांच्या तोंडून हे वाक्य मी वारंवार ऐकतो आणि दर वेळी धास्तावतो. कारण त्याच्या पाठोपाठ बहुतेक वेळा दुसरं वाक्य येतं: “ॲडव्हान्स द्यायला त्याने क्यूआर पाठवला होता, मी स्कॅन केला, पिन टाकला, आणि माझेच पैसे गेले.”

या भागात जुन्या सामानाची उलाढाल कधी थांबत नाही. चाकण-तळेगावच्या कारखान्यांत ट्रेनी किंवा कंत्राटी म्हणून आलेल्या पोरांचं कंत्राट संपलं की रूम सुटते आणि कॉट, कूलर, गॅसची शेगडी, कधी दुचाकी विकायला निघते. हिंजवडीत नोकरी करणारं जोडपं बंगळूरला चाललं की फ्रिज, सोफा आणि वॉशिंग मशीनचे फोटो ओएलएक्सवर, फेसबुक मार्केटप्लेसवर आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडतात. सोफा काही कुरिअरने जात नाही. घेणाऱ्याने छोटा हत्ती घेऊन यावं, वस्तू बघावी, चालवून पाहावी, पैसे द्यावेत आणि न्यावी, हाच त्यातला सरळ मार्ग. शिवाय वस्तू डोळ्यांनी पाहून नेली की नंतरची कटकटही कमी. त्यामुळे कुणी “घ्यायला येतो” म्हटलं तर त्यात संशय घेण्यासारखं काहीच नाही.

घोळ होतो तो वेगळ्याच ठिकाणी. “येतो” असं फोनवर सांगणारा माणूस आपल्याला दारात येऊन उभा राहिल्यासारखा वाटायला लागतो. फसवणारा मात्र कधीच येणार नसतो. तो येण्याआधीच सगळं उरकतं.

पद्धत वर्षानुवर्षं तीच आहे. जाहिरात टाकल्यावर थोड्याच वेळात फोन येतो. घासाघीस नाही, वस्तूबद्दल एक प्रश्न नाही, “फोटो पाहिला, फायनल करा.” समोरचा म्हणतो, मी आर्मीत आहे, देहूरोडला पोस्टिंग आहे. आपल्याकडे हे लगेच पटतं, कारण देहूरोडचा कँटोन्मेंट आणि ऑर्डनन्स फॅक्टरी, दापोडीचं लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालय (सीएमई) हे सगळं आपल्या रोजच्या वाटेवर आहे. मग ओळखपत्राचा आणि कँटीन कार्डाचा फोटो येतो. “ड्युटीमुळे मला निघता येत नाही, संध्याकाळी आमचा माणूस गाडी घेऊन येईल. तोवर दुसऱ्या कुणाला देऊ नका, मी पैसे पाठवून ठेवतो.” पाठोपाठ क्यूआर कोड. “आमचं आर्मीचं अकाउंट आहे, त्यात पेमेंट असंच होतं. तुम्ही स्कॅन करा, पिन टाका, रक्कम जमा होईल.” काही जण आधी दहा-वीस रुपये खरोखर पाठवतात, म्हणजे विश्वास बसावा. मोठी रक्कम कापली गेली की “चुकून झालं, रिफंडचा कोड पाठवतो” म्हणून दुसरा कोड, मग तिसरा.

आता एकदा नीट समजून घेऊ. २०१६ मध्ये नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने (एनपीसीआय) यूपीआय सुरू केलं, तेव्हापासून त्याचा एक नियम बदललेला नाही: पैसे घेणाऱ्याला पिन टाकावा लागत नाही. पिन म्हणजे “माझ्या खात्यातून ही रक्कम वजा करा” अशी आपण आपल्याच बँकेला दिलेली परवानगी. पैसे पाठवताना आणि काढताना तो लागतो, स्वतःची शिल्लक पाहताना लागतो. जमा होताना लागतच नाही. क्यूआर कोडमध्ये असतो फक्त पैसे घेणाऱ्याचा यूपीआय पत्ता, नाव आणि कधी कधी रक्कम. तो स्कॅन करणं म्हणजे त्या पत्त्यावर पैसे पाठवायची तयारी करणं. कोडवर मोठ्या अक्षरात “रिसीव्ह” छापलेलं असलं तरी ती नुसती चित्रावरची अक्षरं आहेत, ॲप ती वाचत नाही. पिन टाकायच्या पानावर मात्र कुणाला आणि किती रुपये जाणार हे स्पष्ट लिहिलेलं असतं, आणि ते वाचायला दोन क्षण पुरतात.

याचा पुरावा तर आपण रोज पाहतो. चाकणच्या तळेगाव चौकात वडापाव घेतो तेव्हा स्कॅन कोण करतं? आपण. पिन कोण टाकतं? आपण. गाडीवाला तळणीतला झारासुद्धा खाली ठेवत नाही, त्याच्या खात्यात पैसे पोचतात आणि डबा बोलतो. फ्रिज विकताना आपण त्या गाडीवाल्याच्या जागी असतो. विकणाऱ्याने काही स्कॅन करायचं नसतं. हे इतकं उघड असताना इंजिनिअर झालेली, कारखान्यात रोबोट चालवणारी माणसंसुद्धा “पण त्याने सांगितलं की आर्मीच्या खात्याचं वेगळं असतं” असं म्हणतात तेव्हा मला राग आवरत नाही. वेगळं काहीही नसतं. जवानाचं खातं, कारखान्याचं खातं, तुमचं खातं, यूपीआयचा नियम सगळ्यांना एकच. आणि देशासाठी सीमेवर उभ्या राहणाऱ्यांबद्दलचा आपला आदर वापरून आपल्यालाच लुबाडलं जातं, ही यातली सगळ्यात संतापजनक गोष्ट आहे.

“पण ती रिक्वेस्ट पाठवायची सोय तर बंद झाली ना?” असंही विचारतात. अर्धं खरं आहे. एका माणसाने दुसऱ्याकडे पैशांची मागणी पाठवायची, म्हणजे कलेक्ट रिक्वेस्टची सोय यूपीआयमध्ये होती. भामट्यांनी ती इतकी वापरली की आधी तिला २,००० रुपयांची मर्यादा घातली गेली आणि १ ऑक्टोबर २०२५ पासून एनपीसीआयने व्यक्ती-व्यक्तींमधली ही सोय बंदच केली. दुकानं आणि कंपन्यांकडून येणाऱ्या मागण्या मात्र चालू आहेत, आणि क्यूआर तर आहेच. पिन टाकणारं बोट आपलंच असेल तर कुठलीही बंदी उपयोगाची नाही.

समजा गिऱ्हाईक खरंच आलं. टेम्पो सोसायटीच्या गेटवर लागला, सोफा आवडला. आता तुमचा क्यूआर त्याच्यापुढे धरा आणि रक्कम जमा झाली की नाही ते तुमच्याच बँकेच्या ॲपमध्ये पाहा. त्याच्या मोबाइलवरची हिरवी खूण म्हणजे पैसे नव्हेत. “पेमेंट सक्सेसफुल” असं हुबेहूब दाखवणारी बनावट ॲप सर्रास फिरतात. “तुमच्या खात्यात जमा” असा एसएमएस दहा आकडी मोबाइल नंबरवरून आला असेल तर तो बँकेचा नाही. “सर्व्हर डाउन आहे, येतील थोड्या वेळात” असं म्हणाला तर थोडा वेळ थांबा, पण सोफाही तोवर खालीच राहू द्या. खरा घेणारा यावर रागावत नाही.

पैसे कुणाच्या नावाने आले तेही बघा, कारण याकडे फार थोड्यांचं लक्ष जातं. समोर उभा आहे एक जण आणि रक्कम येते भलत्याच राज्यातल्या भलत्याच माणसाच्या खात्यातून. शक्यता अशी की त्या तिसऱ्या माणसाला कुणीतरी फसवलंय आणि त्याचे पैसे तुमच्याकडे वळवलेत. तो १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करतो, पैसा कुठून कुठे गेला त्याचा माग निघतो आणि तुमची बँक ती रक्कम, कधी कधी अख्खं खातं गोठवते. वस्तू गेली, पैसे अडकले, आणि खुलासा करत फिरायचं तुम्ही. म्हणून न्यायला आलेल्याच्याच नावाने रक्कम येऊ द्या. भाऊ किंवा मित्र पाठवणार असेल तर त्याच्याशी आधी बोलून घ्या. कागदावर दोन ओळींची पावती करा: वस्तू, किंमत, तारीख, व्यवहाराचा १२ आकडी क्रमांक, दोघांच्या सह्या. उद्या बँकेपुढे किंवा पोलिसांपुढे हाच कागद उपयोगी पडतो. परदेशात अनेक शहरांत पोलीस ठाण्याच्या आवारात अशा देवाणघेवाणीसाठी जागा आखून दिलेली असते. आपल्याकडे गेटवरचा वॉचमन आणि कॅमेरा यांच्या नजरेसमोर, दिवसाउजेडी व्यवहार केला तरी बरंच साधतं.

दुसरा हट्टी गैरसमज दुचाकी विकणाऱ्यांचा: “टीटीओ (मालकी बदलाच्या) फॉर्मवर सह्या केल्या, चावी दिली, आपला संबंध संपला.” मुळीच संपला नाही. नोंदणीत नाव आहे तोवर कायद्याच्या लेखी मालक तुम्हीच. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत. सर्वोच्च न्यायालयाने ६ फेब्रुवारी २०१८ रोजी नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात हे निःसंदिग्धपणे सांगितलं. गाडी विकून पुढे हातोहात गेलेली होती, अपघात नंतर झाला, तरी नुकसानभरपाईची जबाबदारी नोंदणीतल्या मालकावर आली. कंत्राट संपलं म्हणून घाईत कोऱ्या फॉर्मवर सह्या ठोकून लातूर-नांदेडला परतणाऱ्या पोरांनी हे लक्षात ठेवलं पाहिजे. एमएच १४ ची गाडी चिंचवडमध्ये कुणीतरी सिग्नल तोडून पळवतो आणि चलनाचा मेसेज गावाकडे जातो. हे फॉर्म, म्हणजे फॉर्म २९ आणि ३०, पूर्ण भरा, तारखेसकट, घेणाऱ्याच्या आधार आणि पत्त्यासह, प्रत स्वतःकडे ठेवा आणि नाव बदललं की नाही ते वाहन पोर्टलवर पाहत राहा. चारचाकी विकली असेल तर फास्टॅगही बंद करा.

राहिलेले गैरसमज झटपट.

आधार कार्डाचा फोटो पाठवला म्हणजे माणूस खरा, हे चूक: तो फोटो कुणाचाही असू शकतो, बऱ्याचदा आधी फसवलेल्याचाच असतो.

चाचणीसाठी गाडी देताना गिऱ्हाईकाने स्वतःची गाडी किंवा मोबाइल ठेवला म्हणजे निर्धास्त, हेही नाही. ठेवलेली वस्तूच चोरीची निघू शकते. मागे बसून जा, आणि आरसी हातातून सोडू नका.

रोख कितीही घेतली तरी चालते, हे चूक: २०१७ पासून एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही आणि दंड घेणाऱ्याला, तोही तेवढ्याच रकमेचा.

“पार्टी स्वतःचा टेम्पो आणतेय, ई-वे बिल कशाला?” हे भोसरी-चाकणच्या छोट्या वर्कशॉपवाल्यांचं लाडकं वाक्य. जुनी मशिन विकताना टेम्पो कुणाचा याने फरक पडत नाही. ते मालाच्या किमतीवर ठरतं: महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात मर्यादा १ लाखाची, राज्याबाहेर ५० हजारांची. घरगुती वापरलेल्या सामानाला मात्र सूट आहे.

चाकणची तक्रार पुणे ग्रामीणकडे, हे तर कधीच जुनं झालं. १५ ऑगस्ट २०१८ ला पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालय झालं तेव्हाच चाकण, आळंदी, देहूरोड, तळेगाव त्यात आले. शिवाय १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत झिरो एफआयआरची तरतूद आहे. हद्द कुणाचीही असो, ठाण्याने तक्रार घ्यायची असते.

आणि शेवटचा, ज्याच्या भरवशावर लोक दोन-दोन दिवस गप्प बसतात: “बँक देईल की परत.” रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे चूक ग्राहकाची असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं आणि कळवल्यानंतर होणारं नुकसान बँकेचं. स्वतःहून पिन टाकला असेल तर बँक हेच दाखवते. म्हणून पैसे गेल्याचं लक्षात येताच, लाज बाजूला ठेवून, आधी १९३० लावा, मग बँकेच्या हेल्पलाइनला कळवा आणि राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार नोंदवा. व्यवहाराचा क्रमांक, समोरच्याचा यूपीआय पत्ता आणि वेळ हाताशी असू द्या. पैसे पुढच्या खात्यांत पांगण्याआधी तक्रार पोचली तर ते वाटेतच अडवता येतात. “रिफंड देतो” म्हणणाऱ्याचा फोन तेवढ्यात पुन्हा वाजेलच. तो उचलू नका.