यात वार कुठे आहे?

पहिल्या जाहिरातीचा मजकूर मी मोठ्या हौसेनं लिहिला होता. 'पितळेची श्रीमंती पुन्हा तुमच्या स्वयंपाकघरात' अशी सुरुवात, खाली आजीच्या हातच्या आमटीची आठवण वगैरे. कल्हईवाल्या चाचांनी फोन हातभर लांब धरून तो वाचला आणि विचारलं, "ताई, यात वार कुठे आहे?"

वार नव्हता. वेळ नव्हती. कुठल्या गेटापाशी बसणार, तेही नव्हतं. मी वीस वर्षं जाहिरातींचा मजकूर लिहून पोट भरते, हे त्या क्षणी सांगायचं मी टाळलं.

आईच्या माळ्यावरची चार पातेली खाली काढली, तेव्हा कोथरूडमध्ये कल्हई करणारं कोणी सापडेना. शोधाशोध करून चाचा सापडले. पितळी भांडी पुन्हा घरात येऊ लागली होती, लोक कल्हईवाला शोधत होते आणि चाचा गिऱ्हाईक शोधत होते. दोघांची गाठ घालून द्यायची, एवढंच काम. मला ते फार सोपं वाटलं.

आधी आम्ही रीलच्या मागे लागलो. हे काम जणू कॅमेऱ्यासाठीच जन्मलेलं आहे. कॉस्टिकच्या पाण्यातून काढून वाळूनं घासलेलं पातेलं चाचा सांडशीत धरून कोळशावर फिरवतात. शेजारी त्यांचा नातू पंख्याचं चाक फिरवत असतो. भांडं तापलं की नवसागराची चिमूट. भस्सकन पांढरा धूर उठतो, डोळे चुरचुरतात, आणि धातूवरचा मळ सुटतो. लगेच कथलाची कांडी टेकवायची. कथील 232 अंशांना वितळतं, पण चाचांकडे मोजायला काहीच नाही. भांडं कमी तापलं तर कथील धरत नाही, जास्त तापलं तर करपून पिवळं पडतं. ते कांडी टेकवून बघतात. लोण्यासारखी सरकली की वेळ झाली. मग कापसाचा बोळा गर्रकन एकदा आतून फिरतो आणि काळवंडलेल्या पातेल्यात चांदी पसरत जाते. तीन-चार सेकंदांचा खेळ. शेवटी पाण्यात बुडवलं की चर्र.

नातवानं पहिल्या रीलवर सिनेमातलं गाणं चढवलं होतं. ते मी काढायला लावलं. लोक थांबतात त्या चर्रसाठी, आणि तेच गाण्याखाली दबलं होतं. दुसरी रील गाण्याविना टाकली आणि ती धावत सुटली. बदाम, टाळ्या, 'आमच्या लहानपणी यायचा असा माणूस' वगैरे. बरेलीहून कोणीतरी भाव विचारला. नागपूरच्या एका बाईंनी कुरियरनं भांडी पाठवू का म्हणून फोन केला; पितळेच्या वजनाला कुरियर किती पडेल हे कळल्यावर त्यांनीच हसत ठेवून दिला. त्या आठवड्यात रील बघून एकही भांडं आलं नाही.

चाचांना याचं आश्चर्य वाटलं नाही. पूर्वी ते सायकलवरून हाक देत फिरायचे. हाक तीन मजल्यांपर्यंत पोचायची. पण जिला ऐकू जायची ती बाई दहा मिनिटांत भांडं घेऊन खाली येऊ शकायची. माझी रील बरेलीपर्यंत पोचली, आणि समोरच्या सोसायटीत पोचली नाही.

मग आम्ही सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपकडे वळलो. तिथं धंदेवाल्याला प्रवेश नसतो, आणि नसावा हेही बरोबरच. निरोप आतल्याच कोणीतरी टाकावा लागतो. म्हणजे दर सोसायटीत एक आपलं माणूस हवं. बहुधा ती जिची भांडी आधी लखलखीत होऊन गेलीत अशी काकू असते. त्याआधी सेक्रेटरींची परवानगी, कारण नवसागराचा धूर पार्किंगमधून थेट पहिल्या मजल्याच्या खिडकीत जातो. एका ठिकाणी हा विचार न करता बसलो आणि भट्टी पेटलेली असताना उठावं लागलं. आता नातू आदल्या दिवशी जाऊन वारा कुठून येतो ते बघून येतो.

निरोप आता असा असतो: 'रविवार, सकाळी 9 ते 1. मागचं गेट, जनरेटरशेजारी. तांबं आणि पितळ. भाव भांड्याचा घेर बघून. भांडी त्याच दिवशी परत.' एक विशेषण नाही. मी लिहिलेल्या मजकुरांत इतका चाललेला दुसरा मला आठवत नाही.

फोनवर व्हॉट्सॲप बिझनेस टाकून दिलं. फुकट आहे, आणि ठरलेली उत्तरं साठवता येतात. 'किती दिवस टिकते?' आणि 'कथलात शिसं तर नाही ना?' हे दोन प्रश्न रोज येतात. त्यांची उत्तरं नातू आता न टंकता पाठवतो. ब्रॉडकास्टची मेख मात्र उशिरा कळली. ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलाय त्यांनाच तो निरोप जातो. तेव्हापासून चाचा भांडं परत देताना गिऱ्हाइकाला समोरच नंबर सेव्ह करायला लावतात. "कल्हई म्हणून करा. माझ्या नावानं केलात तर सहा महिन्यांनी सापडणार नाही."

फोनचा खरा उपयोग जाहिरातीबाहेरच निघाला. गर्दीच्या एका रविवारी दोन घरांची पातेली बदलली. दोन्ही सारखीच, आणि कल्हईनंतर तर जुळीच. आपल्या आज्या भांड्यावर ठोके मारून नाव घालून घेत, ते काही हौसेखातर नव्हतं. नव्या भांड्यांवर नाव नसतं. आता भांडं आलं की खडूनं फ्लॅटचा नंबर लिहायचा, फोटो काढायचा आणि तो गिऱ्हाइकालाच पाठवायचा. तीच पावती.

गूगलवर एकीनं एकच तारा दिला: आठ दिवसांत कल्हई गेली. मी सविस्तर खुलासा लिहायला बसले. चाचांनी तो पाठवू दिला नाही. "घेऊन या, परत करून देतो" एवढंच कळवलं. बाई आल्या. पातेल्याच्या तळाशी तारेच्या घासणीचे ओरखडे होते आणि मधोमध, रिकामंच गॅसवर राहिल्याचा डाग. चाचांनी त्यावर बोट ठेवलं, काही बोलले नाहीत, पुन्हा कल्हई केली. मग नातवानं त्याच पातेल्यावर, मऊ घासणीनं कसं धुवायचं याची साधी चित्रफीत केली. बदाम फारसे पडले नाहीत. पण ग्रुपाग्रुपांतून ती अजून फिरते आहे, आणि खाली नंबर आहे.

परवा नव्या सोसायटीचा निरोप गेला आणि पाच मिनिटांत एक फोटो आला: 'ही कढई चालेल का?' चाचांची बोटं कोळशानं माखलेली. त्यांनी बोटांची पेरं टेकवून फोटो मोठा केला, कानाची रिबिट बघितली, कड बघितली.

"हिंडालियम आहे. याला कल्हई नाही होत," ते म्हणाले. मग फोन माझ्याकडे देत, "पण मागे फडताळात बघा ताई, डब्याआड. पितळेचं सतेलं दिसतंय. त्याचं विचारा."